टॅको बटाटा का फसतो: आतून कच्चा, सालीला चिवट आणि चवीला पावभाजी

पदार्थ ऐकायला सोपा आहे. अख्खा बटाटा सालीसकट भाजायचा, मधोमध चिरून फुलवायचा, त्यात जिरं-मिरची-ओरिगॅनोच्या चवीचा घेवडा किंवा खिमा भरायचा, वर किसलेलं चीज, घट्ट आंबट दही आणि कांदा-टोमॅटो. एका बटाट्यात एका माणसाचं जेवण होतं. पोळ्या लाटायच्या नाहीत, भाजी-आमटी वेगळी नाही. हिंजवडीहून किंवा खराडीहून ट्रॅफिकमधून सुटून आठला घरात शिरणाऱ्याला यापेक्षा काय हवं?

पण तक्रारी ठरलेल्या. एकदा जमला म्हणून पुन्हा करावा, तर दुसऱ्या वेळी मध्ये कचकच लागते. साल चामड्यासारखी होते. सारण भरलं की ताटलीत लाल पाण्याचं तळं साचतं. आणि सगळं नीट झालं तरी घरातलं कोणीतरी म्हणतंच, "पावभाजीच आहे की ही, पाव नाही एवढंच."

दोष बहुतेक वेळा ओव्हनला दिला जातो, आणि ओव्हन बहुतेक वेळा निर्दोष असतो. चवीची तक्रार सोडली तर बाकी सगळ्यांच्या मुळाशी पाणी आहे: बटाट्यातलं, सालीखाली अडकलेल्या वाफेचं, सारणातलं. पाककृती अमेरिकी घरांतली आहे. टॅको मूळचा मेक्सिकोचा, मक्याच्या टॉर्टियात गुंडाळून खायचा. त्याचं सारण टेक्सासच्या बाजूने अमेरिकी स्वयंपाकघरात शिरलं आणि भाजलेल्या बटाट्यात जाऊन बसलं. ती पाककृती लिहिणारा जो बटाटा डोळ्यांसमोर ठेवतो तो रसेट: लांबट, जाड खरखरीत तपकिरी सालीचा, आतून कोरडा. आपल्या टोपलीतला बटाटा तसा नसतो. पाककृती जशीच्या तशी उचलली की गाडी पहिल्याच वळणावर अडते.

आतून कच्चा राहतो

सगळ्यात जास्त येणारी तक्रार, म्हणून जरा सविस्तर.

आधी बटाटा. पुण्याच्या मार्केट यार्डात बटाटा आग्रा-इंदूरकडून येतो आणि स्थानिक, ज्याला बाजारात तळेगाव म्हणतात, तोही असतो. आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावरचा पावसाळी बटाटाही आपल्याकडे येतो. भाजीवाल्याला जात विचारून उपयोग नाही, तो फार तर "आग्रा आहे ताई, एक नंबर" एवढंच सांगेल. आपल्याला हवा जुना बटाटा. अंगठ्याने साल घासून बघा. सोललेल्या कागदासारखी सुटून आली तर बटाटा नवा आहे. नव्या बटाट्यात पाणी जास्त, स्टार्च कमी. रस्सा, काचऱ्या यांना तो झकास, पण भाजून कधी भुरभुरीत होत नाही. साल घट्ट बसलेली, किंचित खरखरीत, हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड वाटणारा बटाटा घ्यायचा.

खात्री करायची असेल तर मिठाच्या पाण्याची परीक्षा आहे. अकरा वाट्या पाण्यात एक वाटी बारीक मीठ पूर्ण विरघळवा आणि बटाटे सोडा. बुडाला तो स्टार्चचा, भाजायला घ्या. तरंगला तो पाणीदार, उद्याच्या रस्सा भाजीला ठेवा. हे दर वेळी करायची गरज नाही. नव्या दुकानातून आणलेल्या पहिल्या खेपेला केलं की पुरे. ते पाणी ओतू नका, सालीच्या वेळी लागणार आहे.

शेतीच्या भाषेत सांगायचं तर वेफर्ससाठी काढलेल्या जाती, कुफ्री चिप्सोना वगैरे, सुक्या ऐवजाच्या बाबतीत वरच्या. कुफ्री पुखराज लवकर येतो, भरपूर पिकतो, पण पाणीदार. किरकोळ बाजारात हे नाव लावून कोणी विकत नाही, तरी दुकानात 'वेफर्सचा बटाटा' म्हणून वेगळा ढीग दिसला तर तिकडे वळा.

मग आकार. इथे लोक हमखास फसतात. "पोटभर व्हायला हवा" म्हणून मोठ्यात मोठा बटाटा निवडतात. उष्णता बटाट्याच्या आत फार हळू सरकते, आणि जाडी दीडपट झाली की वेळ दीडपट होत नाही, दुपटीच्या वर जातो. म्हणजे एकाच ट्रेमध्ये एक मोठा आणि तीन मध्यम ठेवले तर मोठा कच्चाच निघणार, त्यात ओव्हनचा काय दोष? किलोत पाच बसतील असे, साधारण २०० ग्रॅमचे, एकसारखे आणि शक्यतो लांबट बटाटे निवडून घ्या. गोल बटाट्याचा मध्य सगळीकडून लांब पडतो. ज्याला भूक जास्त त्याला दोन वाढा.

तापमान वाढवून घाई करण्यात अर्थ नाही. ओव्हनमध्ये २५० असलं तरी बटाट्याच्या पोटात पाणी आहे तोवर तिथलं तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या वर जात नाही. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. स्वयंपाकाचा टोचायचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९६-९७ दिसलं की बटाटा झाला. १०० ची वाट बघत बसाल तर साल कोळसा होईल. थर्मामीटर नसेल तर विणकामाची बारीक सुई किंवा कबाबची सळई घ्या. सुरीने बघू नका, धारदार सुरी कच्च्या बटाट्यातूनही आरामात जाते आणि खोटा दिलासा देते. सळई मधोमध कुठेही न अडकता गेली पाहिजे.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. बटाटा ५५ ते ७० अंशांच्या पट्ट्यात बराच वेळ रेंगाळला तर त्याच्या पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन आणखी घट्ट होतं, आणि पुढे कितीही शिजवा, तो भाग पूर्ण मऊ होत नाही. मध्येच वीज गेली आणि अर्धा गरम बटाटा ओव्हनमध्ये पडून राहिला, किंवा सकाळी "थोडासा" उकडून ठेवला आणि संध्याकाळी भाजला, की ही गाठ राहते. म्हणून एकतर पूर्ण शिजवून ठेवा, नाहीतर कच्चाच ठेवा. वीज गेली तर बटाटे लगेच बाहेर काढा आणि गॅसवर कुकरमध्ये उरकून टाका.

आता ओटीजी, म्हणजे घरातला छोटा विजेचा ओव्हन. चार गोष्टी बघा. वरच्या आणि खालच्या दोन्ही कॉइल चालू आहेत का. बऱ्याच घरांत केक करून बटण खालच्यावरच राहिलेलं असतं. बटाटे काळ्या ट्रेवर ठेवलेत की जाळीवर. ट्रे खालची आंच अडवतो, म्हणून थेट जाळीवर ठेवा आणि तेल गळेल म्हणून ट्रे सर्वात खाली सरकवा. बटाट्यांमध्ये बोटभर जागा आहे का. १९ लिटरच्या ओटीजीत सहा बटाटे कोंबले तर हवा फिरायला वाव राहत नाही. आणि आधी पंधरा मिनिटं तापवला का. डायलवरच्या आकड्यावर फार विसंबू नका, घरगुती ओटीजीत दहा-वीस अंशांचा फरक सहज निघतो. आत ठेवायचा छोटा गोल ओव्हन थर्मामीटर स्वस्तात मिळतो, तो घ्या आणि आपल्या यंत्राचा स्वभाव ओळखून ठेवा.

नुसत्या ओटीजीत २०० अंशांवर २०० ग्रॅमच्या बटाट्याला ५० ते ६० मिनिटं लागतात. अमेरिकी पाककृतीत ४०० लिहिलेलं असतं ते फॅरनहाइट, म्हणजे आपले साधारण २०४. पण आठला घरी आल्यावर तासभर कोण थांबणार? म्हणून रोजच्या रात्रीसाठी मी मायक्रोवेव्ह आणि ओटीजी अशा जोडीच्याच बाजूची आहे. बटाट्याला काट्याने सगळीकडून सात-आठ ठिकाणी टोचा, नाहीतर वाफ कोंडून तो आत फुटतो आणि मायक्रोवेव्ह पुसण्यात रात्र जाते. चार बटाटे मधली जागा मोकळी ठेवून गोलाकार मांडा. ८०० ते ९०० वॉटवर सहा मिनिटं, उलटे करा, आणखी पाच-सहा मिनिटं. सळई जवळजवळ पार गेली पाहिजे. मग मीठपाणी लावून तापलेल्या ओटीजीत २२० वर पंधरा मिनिटं. एकच बटाटा असेल तर मायक्रोवेव्हमध्ये पाच मिनिटं पुरतात. बटाटे वाढले की तिथला वेळ वाढतो, ओटीजीत मात्र तितकासा वाढत नाही. एअर फ्रायर असेल तर ओटीजीचं काम तो करतो, आणि साल त्याच्यात जरा जास्तच चांगली होते हे मान्य करायला हवं.

कुकर? चालतो, पण पाण्यात बुडवून नको. पाण्यात उकडलेला बटाटा पाणी पितो, साल तडकते आणि पुढे कितीही भाजला तरी तो उकडलेलाच लागतो. कुकरच्या तळाशी नेहमीसारखं पाणी, त्यावर जाळी, आणि वरच्या भांड्यात पाणी न घालता बटाटे ठेवा, मध्यम आंचेवर तीन शिट्ट्या, प्रेशर आपोआप उतरू द्या. बाहेर काढून वाफ जाऊ द्या आणि मग ओटीजीत घाला. मायक्रोवेव्हइतका कोरडा होत नाही, पण जेवण अडत नाही.

साल चिवट किंवा लिबलिबीत होते

फॉइल. दहातल्या नऊ वेळा फॉइलच. हॉटेलात चकचकीत फॉइलमध्ये आलेला बटाटा आपण बघितलेला असतो, म्हणून घरी आधी गुंडाळतो आणि मग भाजतो. गुंडाळलं की वाफ बाहेर पडत नाही, बटाटा स्वतःच्याच पाण्यात शिजतो आणि साल ओली राहते. हॉटेलवाले ते गरम राहावं म्हणून करतात, त्यांचं गणित वेगळं. घरी फॉइल नकोच.

दुसरं कारण म्हणजे धुऊन ओलाच ओव्हनमध्ये टाकणं. आपल्याकडच्या बटाट्याला माती भरपूर, त्यामुळे घासून धुवायलाच हवा. पण नंतर फडक्याने खसखसून पुसा. मग ते परीक्षेचं मीठपाणी हाताने सालीला चोळा. ते ओव्हनमध्ये सुकतं आणि सालीवर मिठाचा पांढरट, खरखरीत पापुद्रा बसतो. हाताला तो लागतो तेव्हाच कळतं की साल जमणार. तेल सुरुवातीला लावू नका. शेवटची आठ-दहा मिनिटं उरली की ब्रशने शेंगदाणा तेलाचा पातळ हात फिरवा आणि परत आत ढकला. सुरुवातीपासून तेल असलं की साल आधी मऊ पडते आणि मग चिवट होते.

घरातल्या ज्येष्ठांना साल चावत नसेल तर चमच्याने आतला भाग वाटीत काढून त्यावर सारण घालून द्या. सगळ्यांसाठी साल सोलत बसू नका, अर्धी चव तिच्यात आहे.

आतून चिकट, गोळा होतो

बटाटा बाहेर काढल्यावर "जरा निवू दे" म्हणून तसाच ठेवला जातो. आतली वाफ बाहेर पडायला वाट नसते, ती परत पाणी होऊन गरात मुरते, आणि दहा मिनिटांत भुरभुरीत बटाट्याचा ओलसर लगदा होतो. बाहेर काढल्या काढल्या वर फुलीची चीर द्यायची, फडकं धरून दोन्ही टोकांनी आत दाबायचं, म्हणजे गर वर उमलतो आणि वाफेचा भपका निघतो. त्या क्षणी चिमूटभर मीठ आणि लोण्याचा लहान तुकडा आत घाला. वरच्या सारणात कितीही मीठ असलं तरी आतला बटाटा अळणीच लागतो.

गर काट्याने नुसता मोकळा करायचा. रवीने घुसळायचा नाही, मिक्सरला तर दाखवायचाही नाही. पेशी फुटून स्टार्च बाहेर आला की त्याची खळ होते.

गोडसर लागतो, लवकर काळपट होतो

हा बटाटा थंडीतून आलेला आहे. फार कमी तापमानात राहिलेल्या कच्च्या बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते. ती साखर ओव्हनमध्ये लवकर करपते आणि चवीला गोड लागते. उत्तरेकडचा रब्बीचा बटाटा जानेवारी ते मार्चमध्ये निघतो आणि शीतगृहात जातो, तोच पावसाळ्यात आपल्याकडे येतो. त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरात ही तक्रार जास्त. उपाय असा की आणलेला बटाटा दोन-तीन आठवडे घरच्या तापमानाला, अंधारात, टोपलीत ठेवायचा. बरीचशी साखर परत स्टार्चमध्ये जाते. घाई असेल तर ओव्हन २२० ऐवजी १९० वर ठेवून वेळ वाढवा.

कच्चा बटाटा फ्रीजमध्ये ठेवू नका हेही त्यातच आलं. कांद्याच्या टोपलीतही नको, दोघं एकमेकांना खराब करतात. हिरवट झालेला भाग खोलवर कापून टाका, आणि बटाटा बराचसा हिरवा किंवा कडू असेल तर सरळ फेकून द्या.

सारण पाणी सोडतं

ही तक्रार समजायला आपल्याला काहीच जड नाही. मीठ घालून ठेवलेल्या काकडीच्या कोशिंबिरीचं जे होतं तेच इथे होतं. कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, लिंबू, मीठ एकत्र करून तासभर आधी ठेवलेला साल्सा म्हणजे वाटीभर पाणी. टोमॅटोच्या बिया आणि मधला गर काढून टाका, फोडी चाळणीत निथळत ठेवा, मीठ वाढताना घाला.

शिजवलेल्या सारणात टोमॅटो घालत असाल तर तो मसाल्याबरोबर पूर्ण आटेपर्यंत परता. कडेला तेल सुटलं पाहिजे आणि कढईच्या तळावर उलथन्याने रेघ ओढली तर ती दोन क्षण तशीच राहिली पाहिजे. रेघ लगेच भरून आली तर अजून आटवा. पोळीबरोबर खायची भाजी असते त्याहून हे कोरडं हवं, कारण बटाट्यात ते मुरायला जागा नसते, सगळं खालीच येतं. सोया चुरा वापरत असाल तर गरम पाण्यात भिजवून मुठीत धरून अगदी पिळून घ्या. चिकन खिमा मोठ्या आंचेवर पसरून ठेवा, पहिल्या दोन-तीन मिनिटांत ढवळू नका. ढवळत राहिलं की तो पाणी सोडतो आणि स्वतःच्याच पाण्यात उकडतो.

मक्याचे दाणे फ्रोजन असतील तर कोरड्या तव्यावर आधी डाग पडेपर्यंत भाजून घ्या. चवीतही फरक पडतो.

राजमा-घेवडा कडक राहतो

आंबटाने. टोमॅटो, लिंबू, चिंच यांपैकी काहीही अर्ध्या शिजलेल्या कडधान्यात पडलं की ते मऊ व्हायचं थांबतं. आधी नुसत्या पाण्यात पूर्ण शिजवा, बोटांत सहज चिरडला गेला पाहिजे, मगच मसाल्यात टाका. रात्रभर भिजवायचं विसरायला झालं तर राजम्याचा हट्ट सोडा आणि अख्खा मसूर घ्या. तो न भिजवता कुकरला तीन-चार शिट्ट्यांत होतो, आकार धरून राहतो, आणि या मसाल्यात तो कोल्हापूर-कराडकडचा ढाबा विसरून निमूटपणे वागतो.

माझी पहिली पसंती मात्र वाघ्या घेवड्याला. साताऱ्याकडच्या कोरेगाव भागातला, फिक्या अंगावर लालसर पट्टे असलेला, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेला घेवडा. अमेरिकी पाककृतीत जो ठिपकेदार पिंटो सांगतात त्याच्या तो जवळचा नातेवाईक. शिजल्यावर पट्टे जातात, पण आतून लोण्यासारखा होतो. चार बटाट्यांना एक वाटी सुका घेवडा पुरून उरतो. रविवारी जास्तीचा शिजवून डब्यात घालून फ्रीजरमध्ये टाकला तर आठवड्यातला एक दिवस तरी सुटतो.

शेवटी पावभाजीच लागते

इथे पाणी निर्दोष आहे, दोष आपल्या हाताचा. फोडणी म्हटलं की हात आपसूक हळदीच्या डब्याकडे जातो. मग आलं-लसूण पेस्ट, मग "थोडासा गरम मसाला", आणि कोणी तरी पावभाजी मसाल्याचीच पुडी फोडतं. मग चव दुसरी कुठली येणार?

हळद नको. आलं नको. गरम मसाला, गोडा मसाला, बडीशेप, वेलची, काही नको. मोहरी-कढीपत्त्याची फोडणी तर नकोच. या चवीचा कणा जिरं आहे, आणि तेही आपण घालतो त्याच्या दुप्पट. चार जणांसाठी दोन चहाचे चमचे भाजून कुटलेलं जिरं, एक चमचा धनेपूड, दोन चमचे बेडगी तिखट, अर्धा चमचा साधं तिखट, एक चमचा ओरिगॅनो, चार-पाच लसूण पाकळ्या बारीक चिरून. ओरिगॅनोसाठी वेगळी बाटली आणू नका. पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्या प्रत्येक घरात फ्रीजच्या दारात साठलेल्या असतातच, त्या आज कामी लावा. वापरताना तळहातावर चोळून घाला, नाहीतर गवत खाल्ल्यासारखं वाटतं.

कांदा सोनेरी करा, लसूण घाला, आंच अगदी मंद करून सुके मसाले तेलात वीस-तीस सेकंद फुलवा आणि लगेच दोन चमचे पाण्याचा हबका मारा, म्हणजे तिखट जळत नाही. हे फुलवणं चुकवलं आणि मसाला वरून भुरभुरवला तर कच्चट वास राहतो. शेवटी गॅस बंद करून लिंबू. आमचूर किंवा चाट मसाला घातला की परत सारसबागेच्या चौपाटीवर पोचलात.

उपवास असलेल्यांसाठी हाच भाजलेला बटाटा जिरं, हिरवी मिरची, दाण्याचं कूट, तूप आणि दह्याबरोबर फार सुरेख लागतो. त्याला टॅको म्हणायचं नाही एवढंच. कोथिंबीर चालते की नाही हे ज्याच्या त्याच्या घरी ठरलेलं असतं.

चीज, दही, कुरकुरीतपणा

प्रोसेस्ड चीजचा क्यूब बारीक किसून शेवटची तीन-चार मिनिटंच ओव्हनमध्ये ठेवा, जास्त राहिला तर रबर होतो. तार हवी असेल तर मोझरेला. सावर क्रीम शोधत फिरू नका. डेअरीतून श्रीखंडासाठी मिळतो तो चक्का पाव किलो आणा, चमचाभर दूध, मीठ, लिंबाचे थेंब घालून फेटा. ओव्हनमधून काढल्यावरच घाला, आधी घातला तर फाटतो.

टॉर्टिया चिप्सऐवजी मक्याचे तळलेले पोहे वापरा. मका तो मकाच. पण घास तोंडात घालायच्या आधी, ताटातच टाका.

ओटीजी लावला की वीज जाते

मोठा ओटीजी १५०० ते २००० वॉट ओढतो. साधा ६ ॲम्पिअरचा प्लग २३० व्होल्टला जेमतेम १३८० वॉटपर्यंतचा. त्यामुळे ओटीजी १६ ॲम्पिअरच्या पॉवर प्लगवरच हवा, ॲडॉप्टर किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर नको. मायक्रोवेव्ह आणि ओटीजी एकाच सर्किटवर असतील आणि त्याच वेळी कोणी गीझर चालू केला तर एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप वीज तोडणारा खटका, पडणारच. मायक्रोवेव्हची बारा मिनिटं संपत आली की मग ओटीजी तापवायला ठेवा. तेवढ्यात सारण होतं.

उरलेले बटाटे

भाजलेला बटाटा दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेला पाहिजे, तोही उघडा किंवा डब्यात, फॉइलमध्ये नाही. ही नुसती काळजीवाहू सूचना नाही. १९९४ मध्ये टेक्सासमधल्या एल पासो इथे ३० जणांना बॉट्युलिझमची विषबाधा झाली, आणि कारण निघालं फॉइलमध्ये गुंडाळून कित्येक दिवस बाहेर ठेवलेले भाजलेले बटाटे, ज्यांचं नंतर हॉटेलात डिप केलं गेलं. ओलसर, हवाबंद आणि कोमट जागा त्या जंतूला हवीच असते, आणि फॉइल ती नेमकी देतं.

सारण वेगळं ठेवा, भरलेला बटाटा दुसऱ्या दिवशी चिखल होतो. नुसता बटाटा दोन-तीन दिवस टिकतो. मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं आणि तव्यावर झाकण न ठेवता पाच-सात मिनिटं ठेवलात की साल परत ताठ होते. आणि सारण संपलं असेल तर त्याच बटाट्याच्या सालीसकट फोडी करून जिरं-मिरचीवर परता, डब्याची सोय होते.